भोंग्याची वायर

९ जानेवारी

अहो,

फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि ठेवून देता. कागदाला "हं" म्हणता येत नाही, म्हणून हा कागद. तुमच्या वसतिगृहाचा पत्ता कारखान्याच्या रखवालदाराकडून घेतला. बायको नवऱ्याचा पत्ता मागायला आलेली बघून तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला. चहा पाजला मला.

इथे सगळं ठीक आहे. ठमीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे तिला 'स' म्हणता येत नाही आणि ती मुद्दाम 'स'चेच शब्द शोधून काढते. मी शिवणकाम घेते आहे. वेळ जातो.

तुम्ही रागावला आहात, मी तिकडे आले नाही म्हणून. बदली तुमची झाली, बिऱ्हाड तुम्ही बांधलंत, मी दोऱ्या सोडल्या. पण त्या दिवशी तुम्ही साहेबांच्या केबिनमधून घरी आलात तेव्हा मी विचारलं होतं, "सही कशावर केलीत?" तुम्ही म्हणालात, "कागदावर." एवढंच. त्यानंतर आठवड्याच्या आत लांबच्या कारखान्यात बढती. मी काही शाळेतली ठमी नाही, दोन आणि दोन मला जमतात.

धाकटा तुमचा सख्खा भाऊ नव्हता. पण त्याला भट्टीवर तुम्ही घेतलंत, धाकटाही तुम्हीच म्हणालात, मग सगळा कारखाना म्हणू लागला. त्याची बायको आली ती आपोआप धाकटी झाली आणि मला मानलेली का होईना, एक जाऊ मिळाली. असा माणूस गेला, तर तुम्ही त्याच्या घरी किती वेळ बसलात? मी बघत होते. तुम्ही चप्पलसुद्धा नीट काढली नव्हतीत.

रागाच्या भरात आपण किती सहज म्हणतो, खड्ड्यात जा. हल्ली ते शब्द तोंडात आले की मी गिळून टाकते.

पत्राचं उत्तर द्या. दोन ओळी चालतील.


४ फेब्रुवारी

अहो,

उत्तर आलं नाही. बरं.

शिवणकामाचं मी खोटं सांगितलं. मशीन जिन्याखाली झाकून ठेवलं आहे. मी कारखान्यात लागले आहे, तुमच्याच. पावडरच्या खोलीत. साहेबांनी स्वतः बोलावून दिली नोकरी. मला आणि धाकटीला एकाच दिवशी. लोक त्यांना लोणी साहेब का म्हणतात ते आता जवळून कळतंय. आवाज कधी चढत नाही. "तुम्ही दोघी आमच्या घरच्याच," असं म्हणाले. दोघींच्या हाताला काम दिलं की दोघींची तोंडं बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक.

तुम्ही इतकी वर्षं तिथे होतात, पण काय करता ते मला कधी धड सांगितलं नाहीत. "धातू वितळवतो," म्हणायचात. आता मी हाताने करते तेव्हा समजतं. बेरियमचे तुकडे तेलात बुडवलेले येतात. तुकडा तेलातून काढून कापला की आतून चांदीसारखा, आणि हवा लागली की बघता बघता काळवंडतो, भुगा होतो. म्हणून सगळं काचेच्या पेटीत. पेटीला दोन भोकं, भोकांत रबरी हातमोजे, आत हवेऐवजी आरगॉन वायू. त्या मोज्यांत हात घातला की आपला हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. तुमच्या जुन्या भट्टीत तांबं, बेरियम, यिट्रियम आणि थोडी चांदी एकजीव झाली की तिच्या लगडी आमच्याकडे येतात. आम्ही त्या दळून पूड करतो, पूड चांदीच्या नळीत ठासून भरतो, पुढे त्या नळीची तार ओढतात. आणि शेवटी, इतकं जपून जी हवा बाहेर ठेवली तोच प्राणवायू तारेला तापवून पाजतात. मगच तिच्यात तो गुण येतो, अडथळ्याशिवाय वीज वाहून न्यायचा.

धाकटी शेजारच्या पेटीवर आहे. तिचा हात माझ्यापेक्षा हलका. डबा आम्ही एकत्र खातो. ती तुमच्याबद्दल विचारते, "दादांचं बरं चाललंय ना?" मी म्हणते, "हो."

तिचे सासरे, आबा, घराबाहेर पडत नाहीत. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, रोज संध्याकाळी चौकातल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवायचा. केस कापायच्या दुकानात कुणीतरी बोललं, "तुमच्या पोराने स्वतःच धोक्याच्या भोंग्याची वायर काढली आणि स्वतःच खड्ड्यात उतरला म्हणे. आपलंच कर्म." आबा अर्धे केस कापलेले तसेच उठून आले. धाकटीने घरी कात्रीने उरलेले सारखे केले.

ही गोष्ट केस कापणाऱ्याच्या दुकानापर्यंत कुठून गेली? कंपनीच्या अहवालातून. आणि अहवालात कुठून आली, ते तुम्हाला विचारते आहे.


१ मार्च

आज बाहेरचे पाहुणे आले होते. लोणी साहेबांनी आमच्या तारेची एक चकती धूर निघणाऱ्या थंडगार भांड्यात ठेवली आणि तिच्यावर लोहचुंबकाचा तुकडा सोडला. तो तरंगत राहिला. बोटाने टिचकी मारली तर गोल फिरायला लागला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी माझ्या कानात म्हणाली, "वहिनी, ह्यांनी घरी येऊन सांगितलं होतं मला हे. मी म्हटलं होतं, थापा मारू नका." मग ती हसली, आणि हसता हसता तिला तोंड फिरवावं लागलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

मला माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतंत, हात धुता धुता, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. भट्टीच्या झाकणाचं रबर गेलं होतं आणि आरगॉन झिरपून खालच्या खड्ड्यात साठत होता. जड वायू, पाण्यासारखा तळाशी बसतो. वास नाही, रंग नाही. खड्ड्यातला प्राणवायू कमी झाला की भोंगा वाजायचा आणि भट्टी आपोआप बंद पडायची. अर्धवट वितळलेला घाणा फुकट जायचा, जड धातू खाली, हलका वर. रबर बदलायचं तर भट्टी थंड करावी लागणार. मोठी मागणी अंगावर. तेव्हा साहेब म्हणाले, "ती कटकट काढून टाका, मागणी पुरी झाली की बघू." आणि तुम्ही वायर काढलीत. मला म्हणालात, "आज डोकं शांत आहे बघ. दिवसभर भोंगा नाही." मी म्हटलं, "बरं झालं." मला काय कळत होतं!

धाकट्याने वायर काढली नाही. भोंगा वाजत नाही म्हणजे खाली हवा ठीक आहे, असं समजून तो साचा काढायला शिडीने उतरला.

तुम्ही त्याच्यामागे उडी मारली नाहीत म्हणून लोक तुम्हाला भित्रा म्हणाले. मी तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. प्राणवायूचा मुखवटा न लावता उतरला असतात तर दोन प्रेतं वर आली असती. मुखवटा आणायला धावलात हे बरोबरच केलंत. पण वर आलेल्या त्या एका प्रेतावर तुम्ही तुमची वायर टाकलीत, तिचं काय?

धाकटीने वर अर्ज केला होता. चौकशी पुन्हा उघडली आहे, एप्रिलमध्ये आहे. तुम्हाला बोलावणं येईल. या, आणि खरं सांगा. साहेबांनी सांगितलं म्हणून काढली असं सांगा. लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, निदान माझ्यापासून तरी नाही.


२० मार्च

काल फोनवर तुम्ही पहिल्यांदा पाच-सहा वाक्यं बोललात. मी तीच इथे उतरवून काढते, म्हणजे तुम्हाला वाचता येतील.

"तू यात पडू नकोस."

"गेलेला माणूस काही परत येत नाही."

"माझं सगळं करिअर आहे."

"ठमीचा विचार कर."

"साहेब म्हणाले, वर्षभरात तुलाही इकडे बदलून घेतील."

ठमी समोर बसून बूट घालत होती. ती म्हणाली, "बाबांना विचार, त्यांच्याकडे पण तरंगणारं लोहचुंबक आहे का." मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "हं."


१७ एप्रिल

अहो,

तुम्ही माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होतात आणि तरी मला पत्र लिहावं लागतं आहे. चौकशी संपली आणि कंपनीच्या वकिलाने तुम्हाला मागच्या दाराने गाडीत बसवलं. ठमीसाठी आणलेली पिशवी तुम्ही खुर्चीखाली विसरलात. मी आणली घरी. कंपासपेटी आवडली तिला.

तुम्ही बारीक झाला आहात. नवे बूट चावत होते का? सारखे पाय हलवत होतात.

तुमचा नंबर आला तेव्हा चौकशी अधिकारी बाईंनी साधंच विचारलं, "भोंग्याची वायर कोणी काढली?" तुम्ही वर पाहिलं नाहीत. "त्यानेच," म्हणालात. "तुम्ही पाहिलंत?" "हो." "मग तुम्ही त्याला अडवलं का नाही?" "सांगितलं होतं. ऐकायचा नाही तो कधी."

ऐकायचा नाही! तुम्ही चहात साखर किती घालायची हे सांगितलं तरी ऐकायचा तो.

आबा मागच्या बाकावर होते. ते उठले, भिंतीला हात लावला आणि पुन्हा बसले.  धाकटी माझ्या शेजारी होती. तिने तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे पाहत होती. अजूनही तिला वाटत होतं की आपले दादा असं बोलले म्हणजे ते खरंच असेल, आणि मी मान हलवून तसं सांगावं. मला ते बघवलं नाही.

मी उभी राहिले. खरं सांगते, काही ठरवून आले नव्हते. तुम्ही खरं बोलाल आणि मला उभं राहावं लागणार नाही, असंच धरून चालले होते.

बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "यांची बायको."

कंपनीचा वकील ताडकन उठला. "बायकोचा इथे काय संबंध? घरातलं भांडण आहे हे, दोघं वेगळे राहतात."

बाई म्हणाल्या, "भांडण आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "भांडायला समोर माणूस लागतो."

कुणीतरी हसलं. मग मी सांगितलं. झाकणाचं रबर, खड्ड्यातला वायू, फुकट गेलेले घाणे, स्वयंपाकघराचं दार. साहेबांचे शब्द तुमच्या तोंडून ऐकले तसेच. "वायर यांनी काढली. धाकट्याला माहीतच नव्हतं." सांगताना मी बाईंकडे बघत होते, पण तुमचे बूट हलायचे थांबले ते मला दिसलं.

लोणी साहेब पहिल्या रांगेत होते. त्यांनी हळूच मान डोलवली, जणू फार वाईट वाटतंय. म्हणाले, "ताईंच्या मनावर परिणाम झाला आहे, साहजिक आहे." मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते मी त्या दिवशी माणसाच्या ओठांवर पाहिलं.

तेवढ्यात भट्टीवरचा तो, ज्याला तुम्ही चष्मा म्हणता, उठला. नाकावरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी पकड आणून दिली होती यांना," म्हणाला. "वायर काढताना मी शिडी धरली होती. साहेबांचं मला माहीत नाही. मी एवढंच पाहिलं." आणि खाली बसून रडायला लागला. एवढा दांडगा गडी.

तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत, जाता जाता. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तुम्ही घरी आजारी असताना बघता तसं पाहिलंत, म्हणजे आता हिने काहीतरी करावं असं. जे करायचं होतं ते मी करून बसले होते.


३० मे

निकाल तुम्हालाही मिळाला असेल. तरी लिहिते.

मृताचा दोष नाही. वायर पाळीच्या प्रमुखाने, म्हणजे तुम्ही, काढली आणि खोटी साक्ष दिली. त्याच्यावर पोलिसांत गुन्हा नोंदवावा. साहेबांनी सांगितल्याचं म्हणणं ऐकीव आहे, ज्याला सांगितलं तो स्वतः ते म्हणत नाही, म्हणून पुराव्याअभावी सोडून दिलं. वर साहेबांनी सुरक्षेचे फलक लावले म्हणून त्यांचं कौतुक. फलक अपघातानंतर लावले, ते कुणी विचारलं नाही.

मला दोघांना ओढायचं होतं. हाताला तुम्ही एकटेच लागलात.

धाकटीने आपली जागा बदलून घेतली. आता ती खोलीच्या त्या टोकाला बसते, तार ओढायच्या यंत्राजवळ. पहिल्या दिवशी मी डबा घेऊन गेले. तिने यंत्र बंद केलं, कानातले बोळे काढले आणि विचारलं, "वहिनी, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आपण डबा खात होतो तेव्हा?"

"हो."

"आबा घरात कोंडून होते तेव्हा?"

मी हो म्हटलं. तिने बोळे पुन्हा कानांत घातले आणि यंत्र सुरू केलं. ती ओरडली असती तर मी हात जोडले असते. यंत्राला काय हात जोडायचे.

तिचं चुकलं असं मला वाटत नाही. ती मला शिव्या देत नाही, कुणाला माझ्याबद्दल वाईट बोलत नाही. मी तिथे होते तोवर फक्त माझ्याकडे पाठ करून काम करायची, आणि तिचं काम तेव्हाही माझ्यापेक्षा चांगलं असायचं.

माझी नोकरी गेली, हे वेगळं सांगायला नको. कामाची गरज उरली नाही, असं कळवलं. जिन्याखालचं मशीन वर आणलं आहे. या वेळी शिवणकामाचं खरं आहे.


२६ जून

अहो,

हे पत्र आधी कोठडीतला शिपाई वाचेल, मग तुम्ही. वाचू दे.

तुम्हाला तिकडून पकडून आणलं ते मला शेजारणीकडून कळलं. कपडे पाठवले आहेत, जाड पांघरूणही. गुडघ्याचं मलम दारावर घेतलं नाही.

कंपनीचा वकील अजून तुम्हाला भेटतो असं ऐकलं. तोंड उघडू नका, जामिनाचं आम्ही बघतो, असं सांगतो ना? विचार करा. त्याला तुमचं तोंड बंद हवं आहे, तुमची सुटका नव्हे. ज्या दिवशी साहेबांना तुमच्या गप्प बसण्याची गरज उरणार नाही, त्या दिवशी तो तुमचं नावसुद्धा विसरेल.

तुम्ही माझ्यावर चिडलेले असाल तर चिडा. मी रडले नाही असं समजू नका. तुम्हाला बेड्या घातल्या होत्या का हे विचारायला मी शेजारणीच्या दारात तीनदा गेले आणि न विचारता परत आले.

परवा आबा आले होते. स्वतः चालत. मी दारातच थिजले. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाले, "सून येणार नाही तुझ्याकडे. तिला सांगू नकोस मी आलो म्हणून."

"नाही सांगणार."

"तुझ्या नवऱ्याला मी रोज शिव्या देतो."

"द्या, आबा."

"पण तो माझ्या पोराचा दादा होता. पोरगं जेवताना त्याच्याच गोष्टी सांगायचं." मग म्हणाले, "त्याला विचार, पोराने खालून हाक मारली होती का? तेवढंच मला कळू दे. खोटं सांगणार असेल तर नको."

आणि गेले. चौकापर्यंत मी बघत होते. बाकावर बसले. गाड्या जात होत्या, पण ते कुणालाच नावं ठेवत नव्हते.

कोठडीतल्या मुलाखतीचा दिवस गुरुवार मिळाला आहे. मी येते आहे. आबांचा प्रश्न विचारणार, आणि माझा एक: साहेब नेमकं काय म्हणाले, ते तुम्ही मॅजिस्ट्रेटसमोर सांगणार की नाही. बाकी आपल्या दोघांचं काय, मी परत तुमची होणार की नाही, ते आज मला विचारू नका. मलाच ठाऊक नाही. त्या भट्टीला अजून तेच गळकं झाकण आहे, चष्मा सांगत होता. फक्त भोंगा वाजू लागलाय आणि लोक त्यावर वैतागू लागलेत. साहेबही तेच आहेत. म्हणून घाई.

ठमीला मी सगळं सांगितलं. कुणीतरी शाळेत सांगितलं असतं, त्यापेक्षा मी बरी. तिने पूर्ण ऐकून घेतलं. तिचे नवे दात अर्धे आलेत, आता 'स' नीट येतो.

"बाबा खोटं बोलले?"

"हो."

"घाबरले म्हणून?"

"हो."

"मग आता खरं सांगणार का?"

मी म्हटलं, "विचारून येते."